खाटा उतरवण्याआधी

आज पहाटे चादर ओली लागली.
घाम नव्हे. घाम मानेपाशी असतो.
हे पायांकडून चढत आलेलं, गार, कुणाला न विचारता.
शेजारच्या गच्चीवरून सिकरवार काकींनी
दरवर्षीसारखं जाहीर केलं, "ओस गिरने लगी, बहूजी,"
आणि आपली गादी गुंडाळायला घेतली.

तर आला म्हणायचा क्वार.
घरात आम्ही आश्विन म्हणतो, गल्लीत क्वार,
दोन्ही नावांना तो सारखीच ओ देतो.

मला हवाच होता. खोटं कशाला बोलू.
या जनकगंजात सत्तेचाळीस डिग्रीत
दाराची कडी फडक्याने धरून उघडली आहे मी.
दुपारच्या नळाला डाळ शिजली असती.
कूलरच्या गवताचा भुसा उडून
कणकेत यायचा, तो वेचत बसायचं.
संध्याकाळी गच्चीवर बारा बादल्या पाणी,
पहिल्या चार तर फरशी नुसत्या पिऊन टाकायची,
चुर्र करून,
पाचवीपासून जरा माणसात यायची.
पाऊस यंदा पाहुण्यासारखा आला
आणि चहा न घेताच गेला.
घामोळं माझ्या पाठीवर एप्रिलपासून भाड्याने राहतंय.

आता जाईल ते.
नया बाजारात शिंगाडे आलेत, हिरवे, काट्यांसकट.
ऊन अजून चावतं, पण चारनंतर सोडून देतं.
काल रात्री पोरं टेसू घेऊन दारात आली,
तीन काड्या, वर रंगवलेलं डोकं, मध्ये पणती.
मी दहा रुपये दिले, तर म्हणाले, मागच्या वर्षी वीस होते.
सुश्रुतही जायचा, आठ वर्षांचा असताना,
पणती विझू नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून चालायचा.
आता सोळाचा. जिन्यात उभा राहून बघत होता.
हसला नाही.
पण आतही गेला नाही.

खाली त्याची खोली आहे.
खोलीला दार आहे,
दाराला आतून कडी.
त्या दाराआडून तो "हं" म्हणतो, "नको", "जेवलो", "बघू".
मी मोजलेत एकदा. दिवसाचे अकरा शब्द.

वर कडी नसते.
बत्ती गेलेली असते, किल्ला काळा होऊन बसलेला,
कुठल्या तरी गच्चीवर कुणाचं तान्हं किरकिरतंय,
आणि तो पाठीवर पडून आभाळाशी बोलतो.
माझ्याशी नाही.
मी शेजारच्या खाटेवर झोपल्याचा श्वास घेत असते,
लांब, एकसारखा. चांगला जमतो आता मला.

म्हणून कळलं, बाबा रविवारी बीनाहून येतात
तेव्हा त्याला घर लहान वाटतं.
गणित आवडत नाही असं नाही, गणिताचे सर आवडत नाहीत.
आणि मे महिन्यात एक मुलगी शहर सोडून गेली,
तिला पोचवायला हा स्टेशनवर गेला होता,
प्लॅटफॉर्म तिकीट काढून,
पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिला.
मी कूस बदलली नाही.
एक डास चावत होता, चावू दिला.

लू कुणाला हवी असते?
तरी आज नळाचं पाणी थंड आलं
आणि मी बादलीपाशी नुसतीच उभी राहिले,
काहीतरी परत करायची तारीख आल्यासारखी.

दुपारी म्हटलं, चल, खाटा उतरवू.
"हं," म्हणाला. एक.
निवारीची खाट दरवर्षी
जिन्याच्या वळणावर अडकते, तशी अडकली.
तो खाली, मी वर, मध्ये चार लाकडी पाय.
"तिरकी कर. अगं, तिकडे नाही, भिंतीकडे.
वर उचल थोडी. आई, तू ऐकतेस का?
थांब, बोट सापडेल तुझं. आता फिरव. हळू."

वीसच्या पुढे मी मोजणं सोडलं.
खाट कशी फिरवायची ते मला माहीत आहे,
अठरा वर्षं उतरवते आहे.
मी तशीच सरळ धरून उभी राहिले.
"अजून एकदा सांग," म्हटलं.